चार नंबरचा कोड

खंडेनवमीला यंत्रांना आंघोळ घालू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या, असं मी तीस वर्षं कानीकपाळी ओरडतोय. माझं कोणी ऐकत नाही. नवमीच्या सकाळी साइटवरचा प्रत्येक ऑपरेटर प्रेशरचा पाइप हातात घेतो आणि आपल्या पोकलेनला असा धुतो की जणू तिला बघायला पाहुणे येणार आहेत. मग हळदीकुंकू, झेंडूची माळ, लिंबू, नारळ, सगळं यथासांग. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पडद्यांवर बिघाडाचे कोड. पाणी वायरींच्या जोडांत शिरलेलं असतं आणि सेन्सर वेड्यासारखे आकडे सांगायला लागतात. आमच्या धंद्यात त्यांना ‘नवमीचे कोड’ असं नावच पडलेलं आहे. दोनतीन दिवस ऊन लागलं की ते आपोआप जातात.

दोन हजार त्रेचाळीस सालच्या नवमीनंतर मात्र एक कोड गेला नाही. तो का गेला नाही, हे रतन दुधाळ नावाच्या मेकॅनिक बाईनं शोधून काढलं. मी हेमंत सबनीस, त्या साइटवरचा यंत्रप्रमुख. या गोष्टीत माझं वागणं काही मिरवण्यासारखं नाही, पण रतनताईंचं मिरवण्यासारखं आहे, आणि ते सांगायला दुसरं कोणी बसलेलं नाही.

काम होतं कुरणवाडीचं. रेल्वेच्या उंच भरावाखालून रस्ता न्यायचा होता. वरून गाड्या चालूच राहणार, त्यामुळे भराव फोडायची सोय नाही. अशा वेळी काँक्रीटची भलीमोठी पेटी बाहेर तयार करतात, मागून जॅक लावून ती भरावात हळूहळू ढकलतात, आणि पेटीच्या पुढच्या तोंडाशी पोकलेन उभी करून समोरची माती काढत जातात. आमची पेटी चाळीस मीटर आत गेली होती. भरावाच्या डाव्या अंगाला एक टेकडी आणि टेकडीवर नक्षत्र उद्यान. वीस वर्षांपूर्वी तिथं शहराचा कचरा पडायचा. पुढे त्याच्यावर जाड प्लास्टिक अंथरलं, चिकणमाती दाबली, हिरवळ लावली. आता सकाळी तिथं पेन्शनर लोक हात वर करून हसत असतात.

आणि साइटवर वैद्य होता.

वैद्य म्हणजे माणूस नव्हे, यंत्रांवर नजर ठेवणारी संगणकी प्रणाली. पूर्वी एखाद्या सेन्सरनं भलता आकडा दिला की पडद्यावर कोड यायचा, इंजिन आपली ताकद आपणच निम्मी करायचं आणि मेकॅनिक येईपर्यंत काम ठप्प. बऱ्याचदा इंजिन ठणठणीत असायचं आणि बिघडलेला असायचा तो बोटाएवढा सेन्सर. वैद्यानं हे बंद केलं. त्याच्याजवळ प्रत्येक इंजिनाचं एक गणिती प्रतिरूप असतं. इतकं डिझेल गेलं, इतकी हवा आली, तर दाब इतका असायला हवा, तापमान इतकं हवं, धुरात प्राणवायू इतका उरायला हवा, हे सगळं ते प्रतिरूप क्षणाक्षणाला काढत असतं. एखादा सेन्सर या गणिताशी जुळेना आणि बाकीचे सगळे जुळतायत असं दिसलं, की वैद्य त्या एकट्याला खोटा ठरवतो. त्याचा आकडा बाजूला सारतो आणि त्याच्या जागी गणितातून आलेला आकडा इंजिनाला देतो. इंजिन चालत राहतं. शिवाय देशभरातली दोन लाख यंत्रं त्याला जोडलेली. आसामात डंपर खोकला तर त्यातलं शहाणपण संध्याकाळपर्यंत कुरणवाडीला पोचायचं.

मला तो मनापासून आवडायचा. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तो बरोबर असायचा, आणि असं माझ्याबद्दल माझी आईसुद्धा म्हणाली नसती.

त्याच्याबरोबर एक नियम मात्र आला. यंत्र चालवण्यालायक आहे असं वैद्य सांगत असताना मेकॅनिकनं ते थांबवलं आणि आत काही सापडलं नाही, तर तो ‘अनाठायी थांबा’. तो मेकॅनिकच्या परवान्याच्या कार्डावर चढतो. तीन झाले की कार्ड रद्द, मग देशात कुठल्याही मोठ्या यंत्राला पाना लावता येत नाही. त्यातून एकच वाट होती. यंत्रप्रमुखानं आधी आपला अंगठा दिला, तर जबाबदारी दोघांची होते आणि कार्डाला धक्का लागत नाही.

रतनताईंच्या कार्डावर दोन होते.

जत तालुक्यातल्या या बाईंनी वयाच्या अठराव्या वर्षी गॅरेजात हात काळे केले. मी त्यांना पाहिलं तेव्हा त्या शेहेचाळीस वर्षांच्या होत्या. साडीवर खाकी शर्ट, खिशात मल्टिमीटर. कोडवर त्यांचा राग नव्हता आणि विश्वासही नव्हता. त्यांची एकच जुनी रीत होती, अदलाबदलीची. संशयातला सेन्सर काढायचा आणि शेजारच्या चांगल्या यंत्राला लावायचा, त्याचा याला लावायचा. कोड सेन्सरबरोबर गेला तर दोष सेन्सरचा. कोड जागचा हलला नाही तर दोष दुसरीकडे. वैद्य आल्यापासून ही रीत कोणी करत नसे, कारण सेन्सर खोटा आहे हे तो बसल्या जागी सांगायचा.

चार नंबरची पोकलेन चालवायचे त्यांचे यजमान, पोपटराव दुधाळ. पूर्वी चार नंबरनं जरा आवाज बदलला की पोपटराव ओरडायचे, “रतन, जरा ये की!” हे दोघं मग इंजिनाला कान लावून उभे राहायचे आणि एकमेकांशी भांडायचे. बघायला मजा यायची. वैद्य आला आणि ते बंद पडलं. केबिनमध्ये बसल्या बसल्या पोपटराव त्याच्याशीच बोलायला लागले. वैद्य त्यांना ‘पोपटराव’ म्हणायचा, कधी आवाज चढवायचा नाही, आणि बचत झाली की शाबासकी द्यायचा. एकदा माझ्यादेखत रतनताईंनी विचारलं, “मला का बोलावत न्हाई तुमी?” पोपटराव म्हणाले, “तू मलाच तपासतीस. त्यो माझं ऐकतोय.” त्या पाना उचलून निघून गेल्या. मला वाईट वाटलं, पण नवराबायकोच्या मध्ये पडणाऱ्याचं काय होतं हे मला चांगलं ठाऊक आहे.

तर, दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस. सगळ्या यंत्रांचे नवमीचे कोड गेले होते. पेटीत काम करणाऱ्या चार नंबरवर एकच उरला होता. धुरातला प्राणवायू मोजणारा सेन्सर अपेक्षेपेक्षा कमी आकडा देत होता. वैद्याचं निदान स्वच्छ होतं: जोडात पाणी, सेन्सर अविश्वसनीय, काम चालू ठेवा.

“पाणीच आहे,” मी म्हणालो. “तुमच्या यजमानांनी तिला तासभर न्हाऊ घातलंय. मी बघत होतो.”

“साहेब, त्यांचं न्हाऊ घालणं मला म्हाईत हाय,” रतनताई म्हणाल्या. “म्हणूनच आदल्या दिवशी चार नंबरचा एकेक जोड म्या दुधाच्या पिशवीत बांधला हुता. वरनं रबरं. आज सोडलं तवा आत कोरडं ठणठणीत.”

“मग सेन्सर गेला असेल.”

“बगू की.”

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी अदलाबदल केली. सात नंबरची पोकलेन बाहेर उघड्यावर माती भरत होती, तिचा सेन्सर चार नंबरला आणि चार नंबरचा सातला. सुट्टी संपली, दोन्ही यंत्रं चालू झाली. चार नंबरचा ‘बिघडलेला’ सेन्सर सात नंबरवर अगदी शहाण्यासारखा वागायला लागला. आणि सात नंबरचा चांगला सेन्सर पेटीत जाऊन पंधरा मिनिटांत बिघडला.

मी टॅबवर वैद्याला विचारलं. तो म्हणाला, “बदललेला सेन्सरही ओला असण्याची शक्यता सत्त्याऐंशी टक्के. या आठवड्यात देशभरात असे अकराशे कोड आलेले आहेत.”

त्याचंही बरोबर होतं. अकराशे ठिकाणी खरोखरच पाणी होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून नवमीला त्याला हेच शिकवलं होतं, दरवर्षी, पाइप हातात घेऊन.

रतनताईंनी मग वायरिंग तपासलं, एकेक तार मीटर लावून. कुठं काही नाही. तेवढ्यात पोपटराव केबिनमधून उतरले. त्यांच्या कामाचा खोळंबा होत होता आणि ते वैतागले होते.

“काय चाललंय तुजं? मशीन माझं कवा न्हाई ते चांगलं पळतंय. बारा टक्के डिझेल कमी खातंय. वैद्यानं दोनदा शाबासकी दिली, आनि तू तिचं पोट फाडाय बसलीस!”

रतनताईंचा हात थांबला. “बारा टक्के? माती तेवढीच काढताय?”

“तेवढीच. उलट चार बादल्या जास्तच.”

“कवापासनं?”

पोपटरावांनी आठवून सांगितलं, “नवमीच्या आदल्या दिसापासनं.”

म्हणजे आंघोळीच्या आधीपासून. हे माझ्याही डोक्यात शिरलं. पण माझ्या डोक्यात शिरलेल्या गोष्टी तिथं जरा निवांत बसतात. रतनताई माझ्याकडे वळल्या.

“साहेब, सेन्सर बदलला, कोड जागचा हलला न्हाई. आता मशीन बदलायची. चार नंबर भाईर आना, सात नंबर पेटीत घाला. मला अर्धा तास द्या.”

चाळीस टनांची दोन धुडं नुसती हौसेखातर इकडची तिकडे! चार वाजता पेटीच्या छताची पोलादी धार गॅसनं कापायची होती. कापणारे पाचजण सिलिंडरची गाडी घेऊन पेटीच्या बाहेरच्या तोंडाशी येऊन बसले होते. मी कुरकुरलो. पण यंत्र हलवण्याला थांबा म्हणत नाहीत, त्यामुळे नियम आड येत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला उत्सुकता होती. मी हो म्हणालो. पोपटराव तोंड फुगवून चार नंबर बाहेर घेऊन आले आणि सात नंबरमध्ये चढले.

सात नंबरच्या ऑपरेटरनं बाहेर उघड्यावर काम सुरू केल्यावर दहा मिनिटांत चार नंबरचा कोड मिटला. तीन दिवस ठिय्या मारून बसलेला कोड, कोणी हात न लावता. साडेतीनच्या सुमाराला सात नंबरचा आलेख माझ्या टॅबवर वाकायला लागला. आधी डिझेल कमी झालं. मग धुरातल्या प्राणवायूचा आकडा गणिताच्या खाली घसरला. मग तोच कोड. आणि वैद्याचा गोड आवाज: “पोपटराव, सात नंबरवरही उत्तम बचत! शाबास.”

रतनताई टॅबकडे बघत होत्या आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “सेन्सर बदलला. मशीन बदलली. आता ऱ्हायली निस्ती जागा.”

“म्हणजे?”

“साहेब, इंजिन डिझेल कमी पितंय, काम तेवढंच करतंय, आनि धुरात प्राणवायू हवा तेवढा उरत न्हाई. म्हंजी आत काय तरी जळतंय. डिझेल सोडून ते दुसरं काय तरी पितंय. हवेतनं.”

हे मला आधी सुचायला हवं होतं. इंजिनिअर मी होतो. कागदावर हे गणित मी पोरांना शिकवू शकलो असतो. डिझेल इंजिन आपले फेरे कायम ठेवतं. हवेबरोबर जळण्याजोगा वायू आत आला तर तोही सिलिंडरात जळतो, फेरे वाढायला लागतात, आणि ते आवरण्यासाठी इंजिन आपलं डिझेल कमी करतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बचत झाली. वैद्याला फक्त डिझेल दिसत होतं. कमी डिझेल म्हणजे कमी जळण, कमी जळण म्हणजे जास्त प्राणवायू उरायला हवा, हे त्याचं गणित. उरत नव्हता, म्हणून सेन्सर खोटा. हवा ही हवाच असते, असं त्याच्या गणितात गृहीत धरलेलं होतं. आणि एकटा तो बोटभर सेन्सर तीन दिवस खरं सांगत होता.

मी डावीकडे टेकडीकडे पाहिलं. हिरवळीखाली वीस वर्षांचा कचरा कुजत होता. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो. वर प्लास्टिक, चिकणमाती आणि पावसाळ्यानं भिजून घट्ट झालेली जमीन. वर जायला वाट नाही म्हटल्यावर तो आडवा सरकणार, आणि आडव्या वाटेत आम्ही पेटी घालून ठेवली होती. मिथेन हवेपेक्षा हलका. तो पेटीच्या छताशी साठणार. आमची वायुमापक यंत्रं बाहेरच्या तोंडाशी, पंख्याच्या ताज्या हवेत टांगलेली, आणि तीही फक्त धुरासाठी. कोळशाच्या खाणीत मिथेन शोधतात, रस्त्याच्या कामात कोण शोधतंय? आणि छताशी आता पाच माणसं गॅसची ज्योत घेऊन चढणार होती.

घड्याळात तीन अठ्ठेचाळीस.

“साहेब, अंगठा,” रतनताई म्हणाल्या.

मी टॅब हातात घेतला. पडद्यावर लिहिलं होतं: यंत्र चालवण्यालायक. सेन्सर ओला. खाली माझ्या अंगठ्यासाठी चौकोन. आता लपवून उपयोग नाही. मी अंगठा दिला नाही. मला वाटलं, हे सगळं तर्कावर चाललंय. मिथेनचा एकही आकडा हातात नाही. दोन लाख यंत्रांचं शहाणपण एका बाजूला आणि आम्ही दोघं एका बाजूला. काही निघालं नाही तर रेल्वेचं काम अडवलं म्हणून माझी शोभा होईल, आणि माझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते.

“मुख्यालयाला एक फोन करतो,” मी म्हणालो. “पाच मिनिटं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखादा पाना या नटाला बसणार नाही असं कळल्यावर माणूस दुसरा शोधतो, तसं. त्या वळल्या आणि पेटीच्या बाहेरच्या तोंडाकडे धावल्या. कापणाऱ्यांना त्यांनी ओरडून सांगितलं, “सिलिंडर मागं घ्या! ज्योत पेटवायची न्हाई! कुनी वर चढायचं न्हाई!” भिंतीवरचा लाल थांबा त्यांनी आपल्या कार्डानं दाबला. कार्ड लावल्याशिवाय तो दबत नाही, आणि कार्ड लावलं की तो नावावर चढतो. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

थांबा दाबला की आतल्या ऑपरेटरला वैद्य कारण सांगतो आणि त्याला ते पटलं तरच त्यानं किल्ली फिरवायची असते, कारण उकरलेल्या मातीपुढं यंत्र अचानक बंद करणंही धोक्याचं. वॉकीटॉकीवर वैद्याचा आवाज आला, “पोपटराव, मेकॅनिकनं थांबा दिला आहे. माझ्या मते यंत्र उत्तम स्थितीत आहे. काम चालू ठेवायचं का, ते तुम्ही ठरवा.”

पोपटराव कडाडले, “आता काय झालं?”

आमच्याकडे वॉकीटॉकीवर वैद्य सोडला तर कोणी कोणाचं नाव घेत नाही. यंत्राच्या नंबरानं हाक मारायची, हा शिरस्ता. रतनताईंनीही आठ वर्षांत नवऱ्याला ‘चार नंबर’ याखेरीज दुसरी हाक मारली नव्हती. आता त्यांनी बटण दाबलं, आणि सगळ्या साइटनं ऐकलं.

“अहो,” त्या म्हणाल्या. “बंद करा आनि चालत भाईर या.”

एवढंच. ना कोड, ना प्राणवायू, ना बारा टक्के. पेटीच्या आतून इंजिनाचा आवाज येत होता. मग तो थांबला. थोड्या वेळानं अंधारातून पोपटराव चालत बाहेर आले. हेल्मेट काखेत, चेहऱ्यावर गोंधळ. रतनताईंनी त्यांच्या दंडाला धरलं आणि त्यांना पार रस्त्यापलीकडे नेलं.

मी तेव्हा अंगठा लावला. पडद्यावर अक्षरं आली: वेळ संपली आहे. यंत्रात दोष नाही असं वैद्यानं तिथल्या तिथं ठरवलं होतं, तीन बावन्नला रतन दुधाळ यांचा तिसरा थांबा नोंदवला गेला होता आणि कार्ड रद्द झालं होतं. माझ्या आयुष्यात मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

अग्निशमन दलाची माणसं पाच वाजता आली. त्यांनी लांब काठीला मापक बांधून छताशी धरलं. त्यांच्या प्रमुखानं आकडा बघितला. मग त्यानं आम्हाला आणखी मागे सरकायला सांगितलं. छताशी सहा टक्के मिथेन होता. भडका उडायला पाच पुरतो. वरून पाच एकोणीसची पॅसेंजर जायची होती, ती त्यांनी अलीकडच्या स्टेशनात थांबवली.

कापणाऱ्या पाचजणांतला एक, इरफान शिकलगार, सिलिंडरच्या गाडीवर बसला होता. मग उठला आणि रतनताईंच्या पायांशी वाकला. त्यांनी त्याला वरच्या वर धरलं आणि म्हणाल्या, “आरं, उठ. घरी फोन लाव आदी.”

पेटीत पुढे मोठे पंखे बसवले, टेकडीच्या कडेनं वायू ओढून घेणाऱ्या नळ्या घातल्या. वैद्यालाही शिकवलं. डिझेल आणि प्राणवायू दोन्ही एकदम घसरले, तर सेन्सरला खोटं ठरवण्याआधी जागा तपासायची. एका दिवसात ते दोन लाख यंत्रांपर्यंत पोचलं. महिन्याभरात तीन वेगवेगळ्या राज्यांत तीन यंत्रं त्या कारणानं थांबली, आणि एका ठिकाणी खरोखरच वायू निघाला. तिथली माणसं रतनताईंना ओळखत नाहीत. वैद्यावर मी चिडलो नाही, आजही चिडलेलो नाही. चुकीची कबुली देऊन ती पुन्हा न करणं त्याला एका दिवसात जमलं. मला किती दिवस लागले असते कोणास ठाऊक.

कार्डाचं मात्र सोपं नव्हतं. रद्द झालेलं कार्ड परत द्यायला चौकशी समिती लागते. ती तीन आठवड्यांनी साइटवरच बसली, पत्र्याच्या ऑफिसात. अध्यक्ष होत्या कुलकर्णी मॅडम, नीटनेटक्या आणि सरळ बाई. तीन आठवडे रतनताई यंत्राला हात न लावता साइटवर येत होत्या. स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट निवडायच्या. सवयीनं हात खिशातल्या मल्टिमीटरकडे जायचा आणि परत यायचा. ते बघवत नव्हतं.

मी आधी साक्ष दिली आणि अंगठ्याचं सगळं सांगितलं. लिहून घ्या म्हणालो. मग पोपटरावांना बोलावलं.

मॅडमनी विचारलं, “यंत्र उत्तम आहे असं वैद्य सांगत होता. मेकॅनिकनं कारणही दिलं नव्हतं. तरी तुम्ही यंत्र बंद का केलंत?”

“मालकीन म्हणाली.”

मॅडमना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. “कारण न सांगताही?”

पोपटराव टोपी हातात फिरवत राहिले. “मॅडम, गेली दोन वर्सं ती मला कारणं सांगत हुती. मी ऐकत नव्हतो. त्या दिवशी तिनं कारण सांगितलंच न्हाई. तवा मी भ्यालो.”

रतनताई खिडकीबाहेर बघत होत्या.

समितीनं जुने दोन थांबेही उकरून काढले होते. पहिला एका डंपरचा. तेव्हा आत काही सापडलं नव्हतं. पण अकरा दिवसांनी त्याच डंपरचा पंप फुटला होता आणि या दोन गोष्टींची सांगड कोणी घातली नव्हती. मॅडम म्हणाल्या, “म्हणजे पहिला थांबा बरोबर होता. तिसरा तर बरोबरच. मग दुसराही आम्ही पुसून टाकतो. कार्ड पूर्ण कोरं करून देऊ. तुमचा तेवढा मान राहायला हवा.”

मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो.

“दुसरा पुसू नका, मॅडम,” रतनताई म्हणाल्या.

“का?”

“त्यो माझा चुकला हुता. लोडर चांगला हुता. त्या दिवशी सकाळी आमचं घरी भांडान झालतं, म्या राग मशीनवर काढला. अदलाबदल केली न्हाई, काय न्हाई, थेट थांबा दाबला.”

“असू द्या हो. एवढं मोठं काम केलंत, एवढ्याशा नोंदीचं काय?”

“एकटा सेन्सर खरं बोलला म्हणून पाचजणं वाचली. आनि मी कार्डावर खोटं लिवून घिऊ?”

मॅडमनी पेन खाली ठेवलं, त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा उचललं. पहिला आणि तिसरा त्यांनी खोडला. दुसरा ठेवला.

आठवड्यानं कार्ड आलं. त्यावर एक थांबा होता. मी ते रतनताईंच्या हातात दिलं, पण ते त्यांच्या हातात दोन मिनिटंही राहिलं नाही. पोपटरावांनी हिसकावून घेतलं आणि चहाच्या सुट्टीत सगळ्या साइटला फिरून दाखवलं, ऑपरेटरांना, कापणाऱ्यांना, चहावाल्याला, पहारेकऱ्याला. त्या एका नोंदीवर काळं बोट ठेवून ते प्रत्येकाला मोठ्या अभिमानानं सांगत होते, “ह्यो हाय न्हवं, ह्यो माझ्यामुळं हाय.”